धाप गेली, झोप राहिली : एका थकव्याची कारणे शोधताना

भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी माझा दवाखाना आहे आणि गेली 22 वर्षे मी तेथे जनरल प्रॅक्टिस करते. ताप, खोकला, जुलाब यांच्याइतक्याच वेळा कानावर पडणारी तक्रार म्हणजे थकवा. ताप मोजायला थर्मामीटर आहे, थकवा मोजायला काहीच नाही, आणि त्यामुळे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रुग्ण ताकदीचे इंजेक्शन किंवा सलाईन मागतो, डॉक्टर टॉनिकची बाटली लिहून देतात आणि दोघांचीही तेवढ्यापुरती सुटका होते. महिन्याहून अधिक काळ टिकलेल्या थकव्याचा मुळापर्यंत शोध घेतलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हा शोध कसा चालतो आणि कुठे चुकतो, हे एका रुग्णाच्या निमित्ताने लिहीत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या 47 वर्षांच्या. फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी, यजमान अनेक वर्षे रात्रपाळीला, मुलगा कॉलेजात. घर टेकडीवर, रस्त्यापासून 140 पायऱ्या वर. जूनमधल्या एका संध्याकाळी त्या आल्या, जाडजूड फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, अंगात त्राणच राहिलं नाही. सहा महिने झाले. सगळे रिपोर्ट केलेत, त्यात थायरॉईड निघालंय."

फाईलमध्ये सत्तरेक तपासण्यांचे एक 'फुल बॉडी' पॅकेज होते आणि त्यातील सात आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते. अशा पॅकेजांविषयी माझी तक्रार एवढीच आहे की त्यात प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तरे हातात येतात. प्रयोगशाळेची 'सामान्य' मर्यादा बहुधा अशा रीतीने ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकीही 5 टक्के तिच्या बाहेर पडतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तरी किमान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. या बाईंचे टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंद झाली की वाढणारे संप्रेरक, 5.8 होते. मर्यादेच्या किंचित वर असलेल्या त्या एका आकड्याला त्यांनी आपल्या साऱ्या थकव्याचे नाव देऊन टाकले होते आणि त्याच रिपोर्टमधील 8.9 हिमोग्लोबिनकडे "ते तर माझं नेहमीच कमी असतं" म्हणून पाहिलेही नव्हते.

फाईल बाजूला ठेवून मी विचारले, "ताई, थकवा म्हणजे नेमकं काय होतं?"

हा प्रश्न मी हल्ली प्रत्येकाला विचारते आणि उत्तरादाखल येणारे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहिते. मराठीत थकव्याला जेवढे शब्द आहेत, तेवढ्या दिशांना हा शोध जाऊ शकतो. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते असे कोणी सांगितले, तर मन आधी रक्त, हृदय आणि फुप्फुसांकडे जाते. दिवसभर पेंग येते, सिग्नलला गाडी थांबली तरी डोळा लागतो, असे कोणी म्हणाले तर झोपेची चौकशी करायची. अंग मोडून येते, संध्याकाळी कणकण वाटते, या वाक्यानंतर मुंबईत तरी क्षयरोगाचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'उठवत नाही' या दोन शब्दांचे तर दोन वेगळे अर्थ निघतात. एखादी बाई जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. तिच्या मांड्यांच्या स्नायूंत जोर नसतो, हाडे दुखतात, आणि ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावामुळे हाडे मऊ पडली आहेत का, हे पाहावे लागते. दुसऱ्या कोणाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कारण उठून जे करायचे आहे त्यातले काहीच करावेसे वाटत नाही. तेथे जोर असतो, पण इच्छा सुकलेली असते. आपल्याकडे, विशेषतः पन्नाशी-साठीतील पुरुष, 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाहीत. ते 'अशक्तपणा आलाय' असे म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का, हे दोन साधे प्रश्न विचारले की पुष्कळदा समोरचा माणूस मान खाली घालतो. मग त्या दिवशी रक्ताच्या चिठ्ठीपेक्षा बोलणे महत्त्वाचे ठरते.

कणकणीवरून एक तरुण आठवतो. 26 वर्षांचा, पार्सल पोहोचवण्याचे काम करणारा. उन्हातान्हात फिरल्यामुळे थकवा येतो, असे त्याचे म्हणणे होते. खोकला नाममात्र होता. वजन कमी झाले का, असे विचारल्यावर तो नाही म्हणाला. तपासणीसाठी शर्ट वर घेतला तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोके दिसली. ती किती दिवसांत पाडली, तर म्हणाला, "गणपतीनंतर." छातीच्या एक्स-रेत वरच्या भागात डाग होता आणि थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा झाला. तेव्हापासून मी वजनाच्या प्रश्नाला जोडून कपड्यांविषयीही विचारते : ब्लाउज शिवून घट्ट करावा लागला का, पट्टा किती भोके आत गेला. न ठरवता घटलेले वजन, टिकून राहिलेला ताप, शौचावाटे रक्त, कुठे लागलेली गाठ, आडवे झाल्यावर लागणारी धाप, श्रमाने छातीवर येणारा दाब, यांतले काहीही थकव्याच्या सोबतीला असेल तर थांबून पाहण्याची मुभा नसते.

या बाईंच्या बाबतीत त्यांपैकी काही नव्हते. त्या म्हणाल्या, "पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागतं, छाती धडधडते. आणि दिवसभर डोळ्यांवर झापड असते." मी दोन्ही वाक्ये लिहिली, पण त्या दिवशी लक्ष पहिल्याच वाक्याकडे दिले, हे मला कबूल केले पाहिजे.

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग गुलाबी असायला हवा होता, तो जवळजवळ पांढरा होता. नखे पातळ होऊन मध्ये किंचित खोलगट झाली होती. मी विचारले की काही वेगळे खावेसे वाटते का, आणि त्या दचकल्या. बर्फ. फ्रिजमधल्या ट्रेमधले बर्फाचे खडे त्या रोज रात्री चघळत, ऑफिसात थंड पाण्याच्या मशीनजवळ उभ्या राहून चघळत, आणि हे त्यांनी घरी कोणालाही सांगितले नव्हते. शरीरातील लोह संपत आले की अशी विचित्र इच्छा होते. कोणाला बर्फ हवा असतो, कोणाला कच्चे तांदूळ, माती किंवा पाटीवरची पेन्सिल. लोह मिळाले की ती इच्छा पुष्कळदा हिमोग्लोबिन वाढण्याच्या आधीच नाहीशी होते. त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

त्यांच्या तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान 68 होते. ते साधारण 80 ते 100 असावे लागते. पेशी लहान असल्या म्हणजे लोहच कमी, असे गृहीत धरून चालत नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा सौम्य वाहकपणा असला तरी पेशी लहानच असतात, आणि अशा माणसांना वर्षानुवर्षे विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्याचे मी पाहिले आहे. फरक करण्यासाठी फेरिटिन पाहावे लागते, कारण ते शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देते. सत्तर तपासण्यांच्या त्या पॅकेजात नेमके तेच नव्हते. आम्ही केले तेव्हा ते 6 आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढात 15 च्या खाली गेले की लोहाची कमतरता धरतात; येथे तर कोठार रिकामेच होते.

बाईंच्या हिमोग्लोबिनकडे आपण सगळे किती सरावलेल्या नजरेने पाहतो, याचे मला वाईट वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आढळल्या. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी 12 ही खालची मर्यादा आहे. तरीही 10 आले की घरचे म्हणतात, "बायकांचं असतंच तेवढं," आणि खेदाने सांगते, काही डॉक्टरही तसेच म्हणतात.

शिवाय ॲनिमिया हे निदान म्हणजे शोधाचा शेवट नसतो. लोह कमी आहे हे कळल्यावर ते कुठे जाते, हा प्रश्न उरतोच. माझी पहिली चूक येथे झाली. मी विचारले, "पाळी ठीक आहे ना?" आणि त्या म्हणाल्या, "हो, ठीक आहे." असा प्रश्न विचारला की उत्तर 'ठीक' असेच येते, कारण स्वतःच्या पाळीशी तुलना करायला स्त्रीकडे दुसरी पाळी नसते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने बोलावले. पोटात गेलेले लोह नीट शोषले गेले आणि कुठे गळत नसेल, तर महिनाभरात हिमोग्लोबिन सुमारे 2 ग्रॅमने वाढायला हवे. ते 9.1 वर होते.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना गोळ्यांचा डबा सोबत आणायला सांगितले होते. प्लास्टिकचा, सात कप्प्यांचा डबा होता. सोमवारच्या कप्प्यात माझी लोहाची गोळी, शेजारणीच्या सल्ल्याने घेतलेली कॅल्शियमची गोळी आणि पित्तासाठी कधीतरी लिहून दिलेली, दोन वर्षे बंदच न केलेली ओमेप्रॅझोलची कॅप्सूल एकत्र बसली होती. "हे कधी घेता?" "पहाटे, चहाबरोबर. मग दिवसभर आठवण राहत नाही." चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते, कॅल्शियम त्याच्या वाटेत येते, आणि लोह विरघळायला जे जठराम्ल लागते तेच ती कॅप्सूल कमी करते. एका घोटात लोहाच्या तीन वाटा बंद होत होत्या, आणि औषध लिहून देताना ते कशाबरोबर घ्याल हे मी विचारले नव्हते.

मग पाळीविषयी मोजता येतील असे प्रश्न विचारले. पहिले दोन दिवस किती वेळाने पॅड बदलता? दर दीड-दोन तासांनी. गाठी पडतात का? हो, मोठ्या. रात्री उठावे लागते का? चादरीखाली प्लास्टिक घालून झोपते. त्या दिवसांत ऑफिसला काय घालता? "काळी सलवार, नेहमीच." अंगावरून एवढे जात असताना त्या त्याला ठीक म्हणत होत्या. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ दिसली. 45 नंतर असा रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयाचे अस्तरही तपासावे लागते, ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासले, त्यात काही वावगे निघाले नाही, आणि त्यांनी संप्रेरक सोडणारे साधन गर्भाशयात बसवले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते : लोहाची अशीच कमतरता पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत आढळली, तर रक्त पोटातून किंवा आतड्यातून जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. आतड्याचा कर्करोग कधीकधी एवढ्याच खुणेने कळतो.

थायरॉईडची तपासणी मी तीन महिन्यांनी पुन्हा करून घेतली. टीएसएच 4.1 आले, थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक टी4 आधीही व्यवस्थित होते, आणि गोळी सुरू करण्याची गरज पडली नाही. सौम्य वाढलेल्या टीएसएचवर औषध दिल्याने थकवा जातोच असे नाही. 65 वर्षांवरील रुग्णांवर केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या थकव्यात फरक दिसला नाही. थायरॉईड खरोखर मंद असेल तर गोळी अत्यावश्यकच आहे, याविषयी कोणी शंका घेऊ नये. ब12 आणि साखर पाहून झाली. ब12 पुरेसे होते, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 5.8 टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याच्या थोडी अलीकडे होती.

लोहाची गोळी आता त्या सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसात, लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागल्या. कॅल्शियम रात्रीवर गेले, पित्ताची कॅप्सूल हळूहळू थांबवली. बर्फाची इच्छा पंधरा दिवसांत गेली. गणपतीच्या आधी हिमोग्लोबिन 12.1 झाले आणि त्या 140 पायऱ्या एका दमात चढू लागल्या.

आणि तरीही म्हणाल्या, "धाप गेली मॅडम, पण थकवा आहे तसाच आहे."

अशा वेळी डॉक्टरच्या मनात येणारा पहिला विचार फारसा चांगला नसतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते. रिपोर्ट सुधारले, आता हे मनाचे असेल, वयाचे असेल, असे म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. मी जूनचा केसपेपर काढला. दुसरे वाक्य तेथे माझ्याच अक्षरात होते : दिवसभर डोळ्यांवर झापड. तेव्हा ॲनिमिया सापडल्यामुळे मी ते त्याच्याच खात्यावर टाकले होते.

आता त्यांचा दिवस तासांत मांडला. पाणी पहाटे पाचला येते, म्हणून पावणेपाचला उठायचे; पाणी भरणे, दोन डबे, मग लोकल. रात्री अंथरुणाला पाठ लागते पावणेबाराला. म्हणजे पाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. मुंबईतल्या निम्म्याअधिक घरांत हे गणित असेच निघेल असे वाटते, आणि म्हणूनच थकव्याचे कारण झोपेची उपासमार आहे की आजार, हे वेगळे काढणे या शहरात अवघड जाते. त्यासाठी मी एक प्रश्न विचारते : गावी गेल्यावर कसे वाटते? आठ-दहा दिवस पोटभर झोप मिळाल्यावर माणूस ताजातवाना होत असेल, तर त्याला झोपच कमी पडत होती. झोप मिळूनही जर तो तसाच राहिला, तर काहीतरी निराळे आहे.

त्या गणपतीला बारा दिवस कणकवलीजवळच्या गावी जाऊन आल्या होत्या. तेथे नऊ-नऊ तास झोपल्या. "पण उठताना डोकं जडच. आणि जाऊबाई म्हणाल्या, वहिनी, तुम्ही केवढ्या घोरता, आणि मधेच श्वासच बंद होतो तुमचा. मी घाबरून हलवलं तुम्हाला दोनदा."

यजमान रात्रपाळीला आणि मुलगा बाहेरच्या खोलीत. मुंबईच्या घरात त्यांची झोप ऐकणारे कोणी नव्हतेच. मग बाकीचे धागे जुळत गेले. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागत होते, ते मी साखरेच्या संशयाने तपासून सोडून दिले होते. लोकलमध्ये बसायला मिळाले की भांडुप सुटताच डोळा लागायचा, आणि मशीद स्टेशन आले की महिला डब्यातल्या मैत्रिणी त्यांना हलवून जागे करायच्या. पेंगेची पातळी मोजण्याची 24 गुणांची एक प्रश्नावली आहे, तीत 10 च्या वर गेले की झोप जास्त येते असे धरतात. त्यांचे 15 झाले. घरी उपकरण लावून केलेल्या झोपेच्या तपासणीत दर तासाला 22 वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घोरणारा जाड पुरुष एवढेच त्याचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. स्त्रिया मात्र सहसा घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत, त्या थकवा, डोकेदुखी आणि निद्रानाश घेऊन येतात, आणि पाळी जाण्याच्या सुमारास त्यांच्यातही त्याचे प्रमाण वाढते.

सगळे पाहूनही कारण सापडत नाही असे रुग्ण असतात, त्यांच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. त्यांच्यातील काहींना एमई-सीएफएस नावाचा आजार असतो. सहा महिन्यांहून अधिक काळचा थकवा, झोपूनही न येणारी तरतरी, आणि थोड्याशा श्रमानंतर, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, अंथरुणाला खिळून टाकणारी घसरण, ही त्याची खूण. पुष्कळदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर तो सुरू झालेला असतो. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ असतात. अशा माणसाला "रोज थोडे थोडे जास्त चालत जा" असे सांगण्याने नुकसान होऊ शकते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक चढत्या व्यायामाचा सल्ला काढून टाकला आहे. रिपोर्ट स्वच्छ असूनही माणूस आजारी असू शकतो, हे त्याच्या घरच्यांना समोर बसवून सांगणे, हे अशा वेळी माझे पहिले काम असते.

त्या बाई आता रात्री हवेचा दाब देणारे मशीन लावून झोपतात. पहिले तीन आठवडे फार त्रासाचे गेले. मास्कने नाकावर वळ उठले, एकदा रागाने मशीन कपाटात ठेवून दिले, मास्कचा आकार बदलल्यावर जमले. जानेवारीत आल्या तेव्हा सकाळची डोकेदुखी गेलेली होती आणि लघवीला उठणे एकदावर आले होते. मशीद स्टेशनला कोणाला हलवावे लागत नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. केसपेपरवर मी चार कारणे लिहिली होती : पाळी, गोळ्यांची वेळ, श्वास अडणे, पाच तासांची झोप. पहिल्या तिघांपुढे तारखा पडल्या आहेत. चौथ्यासाठी पहाटेचे पाणी भरण्याचे काम आठवड्यातून तीन दिवस मुलाने करायचे ठरले आहे, आणि मार्चमध्ये हिमोग्लोबिनच्या रिपोर्टबरोबर त्यालाही घेऊन या, असे मी सांगितले आहे.